ठेल्यावरचा टीव्ही

आमच्या शेजारचे उमाटे काकाजी कुठलीही वस्तू आधी मागच्या बाजूनं पाहतात. लग्नाची पत्रिका हातात पडली की ती उलटी करून ती कोणत्या छापखान्यात छापली ते वाचतात आणि मग सावकाश नवरा-नवरीच्या नावांकडे वळतात. मी लग्न होऊन सेलूला आले, तेव्हा नव्या सूनबाईच्या हातचा चहा प्यायला म्हणून ते आमच्या घरी आले होते. चहा संपल्यावर त्यांनी बशी पालथी केली आणि डोळ्यांजवळ नेऊन तिचं बूड न्याहाळलं. मला वाटलं, बशी नीट घासली गेली नाही. मी लाजून स्वयंपाकघरात पळाले. पुढे कळलं की ती बशी त्यांच्याच घरची तर नाही ना, एवढीच खात्री त्यांना करायची होती.

"समोरून त साऱ्यायचंच बरं दिसते," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कुणीही काहीही नवीन दाखवलं की त्यांचा एकच प्रश्न असतो, "मांगून पाह्यलं का?" आमच्या गल्लीत हा प्रश्न इतका रुळला आहे की माझे यजमान नवीन शर्ट घालून निघाले तरी मी तोच विचारते.

याला थोडं कारण त्यांचा धंदा आहे. गावाबाहेर नाल्याच्या काठी त्यांचं दीड एकर वावर आहे. त्यात वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर आणि भेदरं म्हणजे टोमॅटो पिकवायचे आणि स्वतःच्याच ठेल्यावर नेऊन विकायची, हे त्यांनी पस्तीस वर्षं केलं. वांग्यातली अळी देठाखालून शिरते. म्हणून वांगं घेताना आधी देठ उचलून पाहायचा, समोरच्या चकाकीला भुलायचं नाही. वांग्यांसाठी हा नियम उत्तम आहे. काकाजींनी तो पुढे माणसांनाही लावला, तिथे थोडी गडबड झाली.

त्यांच्या मुलीला देवळीचं स्थळ सांगून आलं होतं. काकाजी एकटेच घर पाहायला गेले. तिकडची मंडळी समोरच्या दारात रांगोळी काढून, टोप्या-बिप्या घालून उभी होती आणि पाहुण्यांचा पत्ता नव्हता. अर्ध्या तासानं मुलाची आई भांडी टाकायला मागच्या अंगणात गेली, तर हे तिथे कडब्याच्या गंजीला हात लावून उभे. मोरी पाहून झाली होती, गोठा पाहून झाला होता. त्यांनी त्या माउलीला नमस्कार केला, संबंध पक्का म्हणून सांगितलं आणि मग मुलगा कुठे आहे ते विचारलं. मुलगी आज अगदी सुखात आहे. त्यामुळे या गोष्टीवर हसायचं म्हटलं तरी पूर्ण हसता येत नाही.

पण संशयी माणसाच्या घरी कोण जाणार? काकाजींच्या दारात पाऊल टाकलं की ते विचारायचे, "काय काम काढलं?" काम नाही, सहज आले म्हटलं की त्यांचा संशय दुप्पट व्हायचा. विरजण मागायला गेलेल्या बाईलाही, घरचं का संपलं आणि हेच दार का दिसलं, याचा खुलासा द्यावा लागे. गल्लीतल्या झाडे वहिनी एकदा वाटी परत करायला गेल्या. त्यांच्यासमोरच काकाजींनी ती वाटी उलटी करून खालचं नाव वाचलं. झाडे वहिनींनी त्या दिवसापासून त्या घरी जाणं सोडलं, आणि हळूहळू आम्ही सगळ्यांनीच सोडलं.

त्यांची बायको, आमची अनुसयाकाकू, म्हणजे याच्या अगदी उलट. काकूला बोलायला माणूस लागायचं. घरी कुणी येत नाही म्हटल्यावर तिनं यावर साधा उपाय काढला, तीच सगळ्यांकडे जायची. दुपारी गल्लीतल्याच शीलाकडे, तिच्या शिलाई मशीनशेजारी बसायची. संध्याकाळी साडेसातला माझ्याकडे टीव्ही पाहायला यायची, कारण काकाजींनी घरात टीव्ही येऊ दिला नव्हता. घरात परके लोक बोलतात आणि आपण कोण ते विचारतसुद्धा नाहीत, हे त्यांना पटत नव्हतं.

साडेसातच्या त्या मालिकेतली सासू दर महिन्याला मरता मरता वाचते. एके काळी आम्ही सहा-सात जणी ती माझ्याच घरी बसून पाहायचो. मग एकेकीनं आपापला टीव्ही घेतला, प्रत्येकीच्या फोनमध्ये नेट आलं, आणि ज्या-त्या बाईची सासू ज्या-त्या वेळी मरायला लागली. शेवटी माझ्याकडे येणारी एकटी काकूच उरली.

दिवाळीनंतर काकू मोरीत घसरली आणि तिचा खुबा मोडला. मी सेवाग्रामच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करते, त्यामुळे भरतीची धावपळ मीच केली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला लावून दाखवला. काकाजींनी तो काढला, उलटा केला, परत लावला आणि मागची बाजू कुठे आहे ते विचारलं. डॉक्टर तरुण होते, पण शहाणे निघाले. त्यांनी बाजूनं काढलेला दुसरा एक्स-रे आणून दाखवला, तेव्हा कुठे काकाजींनी कागदावर सही केली.

ऑपरेशन चांगलं झालं. काकू वॉकर घेऊन घरातल्या घरात चालू लागली. पण आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत आणि शीलाचं घर तर पहिल्या माळ्यावर. काकूचं जाणं बंद झालं. गल्लीतल्या बाया तिला पाहायला एकेकदा जाऊन आल्या. प्रत्येकीला काकाजींनी दारात, काकू पडल्याचं कोनं सांगतलं, असं विचारलं. दुसऱ्यांदा कुणी गेलं नाही. मी दोनदा गेले आणि मग कामात होते. कामात होते हे आपण म्हणतो तसं म्हणते आहे. खरं म्हणजे मला त्या दारात उभं राहून जबाब द्यायचा कंटाळा आला होता, आणि याची मला आजही शरम वाटते.

चार महिन्यांत काकू बोलेनाशी झाली. सपरीत, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, खुर्चीवर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहायची. मी सकाळी स्कूटर काढताना हात हलवला तर ती हात हलवायची, पण आधीसारखं, डब्यात काय नेऊन राह्यली वो, असं विचारायची नाही.

आणि अशात एका रविवारी उमाट्यांच्या दारात ऑटो थांबला आणि त्यातून टीव्हीचं भलं मोठं खोकं उतरलं.

सगळी गल्ली दारात आली. काकाजींनी खोकं मागच्या बाजूनं उघडलं. टीव्ही बाहेर काढून त्याची पाठ वरच्या अंगाला करून खाटेवर ठेवला आणि पाठीवरचं बारीक अक्षर चष्मा लावून तासभर वाचलं. पुढून तो चालतो की नाही याची त्यांना घाई नव्हती. ते वाचून झाल्यावर त्यांनी आपला भाजीचा ठेला धुवायला काढला. संध्याकाळपर्यंत ठेल्यावर लोखंडी पट्ट्या ठोकून त्यावर टीव्ही बसला होता, वरून भाजी झाकायची ताडपत्री होती, आणि ते सगळं अंगणात टिनाच्या छपराखाली उभं होतं.

टीव्ही बाहेर कशाला, हे गल्लीला समजेना. ज्या माणसानं दारात माणूस उभं राहू दिलं नाही, तो टीव्ही अंगणात कसा ठेवतो? झाडे वहिनींचं मत पडलं की वरच्या काळ्या काचेत कॅमेरा असणार आणि त्यातून हे गल्लीवर लक्ष ठेवणार. शीला म्हणाली की चोरांना वाटावं घरात माणसं जागी आहेत, म्हणून असेल. मी काकाजींना सरळ विचारलं, तर त्यांनी घरातल्या भिंतीला ओल आहे म्हणून सांगितलं. त्या घरच्या भिंतींना ओल आलेली मी कधी पाहिली नव्हती. मलाही संशय आला.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी मला बोलावलं. केबल घ्यावी की नेटवरचं घ्यावं, हा सल्ला हवा होता. दवाखान्यात संगणकावर बसते म्हणून गल्लीत मला या विषयातली जाणकार मानतात. मी खुशीत नेटची बाजू घेतली. तारेची कटकट नाही, जाहिराती कमी, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळेचं बंधन नाही. मालिका हवी तेव्हा लावा, हवी तिथे थांबवा. काकूचे चार महिन्यांचे राहिलेले सगळे भाग पहिल्यापासून पाहता येतील. हे मी सपरीतल्या काकूला ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं.

काकाजी ठेल्याच्या कडेला हात टेकवून ऐकत होते.

"मांगचं सारं दिसन?" त्यांनी विचारलं.

"सारं दिसन, काकाजी."

"मंग काय झालं, थे कोनाले पुसा लागनार नाई?"

"कोनालेच नाई."

माझ्या मते हा हुकमी मुद्दा होता. पण काकाजींचा चेहरा पडला. मी स्वतः मालिका कधी पाहते, असं त्यांनी मला विचारलं. कधी पोळ्या करताना, कधी जेवल्यावर, नाही जमलं तर रविवारी चार भाग एकदम पाहते, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे काही भरोसा नाई," आणि खिशातून वही काढून त्यात काहीतरी लिहिलं. वर मला उगाच धीर द्यावा तसं म्हणाले की हे हवेतून येतं, आणि जे हवेतून येतं ते हवेतूनच जातं, तेव्हा विचार करावा लागेल.

मग त्यांनी केबलची चौकशी हाती घेतली. पुंडलिक केबलवाला तार घेऊन आला, तर ही तार येते कुठून ते विचारलं. पुंडलिकनं खांब दाखवला. खांबावर कुठून येते? पुढच्या खांबावरून. काकाजींनी चपला घातल्या आणि मान वर करून तारेमागे चालायला सुरुवात केली. बाजारातून, बसस्टँडच्या बाजूनं, दोनदा सायकलवाल्यांच्या शिव्या खात ते गावाच्या दुसऱ्या टोकाला पुंडलिकच्याच घरी पोचले. तार माडीवर गेली होती म्हणून तेही माडीवर गेले. तिथे डिशची मोठी छत्री होती. त्यांनी छत्रीला मागून चक्कर मारली. पुंडलिक तोवर धापा टाकत मागोमाग पोचला होता. याच्यात कुठून येते असं त्याला विचारल्यावर त्यानं बिचाऱ्यानं आभाळाकडे बोट दाखवलं.

काकाजी फार रागावून परत आले. केबल बी हवेतूनच येते, लोकायले उगाच तार दाखवतात, असं त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितलं. मला वाटलं, आता संपलं. दोन्हीतही खोट निघाली, म्हणजे टीव्ही ताडपत्रीखालीच राहणार आणि काकू खुर्चीत तशीच बसून राहणार. मला त्यांचा राग आला. बायको समोर वाळून चालली आहे आणि हा माणूस आभाळाची मागची बाजू शोधतो आहे, असं मी घरी बोलूनही दाखवलं.

पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांनी आणखी विचित्र प्रकार सुरू केला. ते घरोघरी फिरून बायांना, त्या संध्याकाळी कोणत्या वेळी काय करतात, ते विचारू लागले. दिवाबत्ती केव्हा, स्वयंपाक केव्हा, मुलांची शिकवणी केव्हा सुटते, साडेसातला घरी असता की नाही. सगळं त्या वहीत जायचं. शीलानं दारं लवकर लावायला सुरुवात केली. झाडे वहिनींच्या घरचे म्हणाले की हे वीज-मीटरवाल्यांना खबर देतात की काय, आणि त्यांनी घाईघाईनं अंगणातली एक वायर गुंडाळून आत नेली. मी बाजू घ्यायला हवी होती. पण मलाही त्यांनी तेच विचारलं होतं आणि माझं उत्तर लिहून घेताना, साडेसात, त्याच्याखाली दोनदा रेघ मारलेली मी पाहिली होती. त्यामुळे मीही गप्प बसले.

नंतर एका संध्याकाळी माझ्या मागच्या दाराची कडी वाजली. आमच्याकडे मागच्या दारानं फक्त घरचं माणूस येतं. दारात उमाटे काकाजी उभे. एवढ्या वर्षांत ते मागच्या दारी पहिल्यांदाच आले होते.

त्यांनी केबल घेतली होती. केबलवाला आपल्याला फसवतो आहे असा त्यांना दाट संशय होता. चित्र बरोबर येतं की नाही, भाग आजचाच आहे की जुनाच लावला आहे, हे त्यांना समजत नव्हतं, कारण त्यांनी मालिका कधी पाहिलीच नव्हती. तेव्हा साडेसातला येऊन कुणी जाणत्या बाईनं तपासून द्यावं.

"एकीच्यानं होनार नाई," ते म्हणाले. "दोन-चार जनी लागतीन. साऱ्यायले सांगून राह्यलो मी."

आणि खरोखरच ते एकेका घराच्या मागच्या दारी जाऊन हेच सांगून आले होते.

साडेसातला आम्ही सहा जणी त्यांच्या अंगणात होतो. झाडे वहिनीसुद्धा आल्या, पण त्या कॅमेरा शोधायला आल्या होत्या. कुणालाही, काय काम काढलं, असं विचारलं गेलं नाही. अंगण शेणानं सारवलेलं होतं, बसायला दुसरी एक ताडपत्री पसरून ठेवली होती आणि काकूची खुर्ची मधोमध होती. मालिका सुरू झाली. सासू अतिदक्षता विभागात होती.

काकूला काही उमगेना. तिनं हळूच विचारलं, "हे कोन नवीन बाई वो?" चार महिन्यांत काकूचा एवढा आवाजही मी ऐकला नव्हता. झालं, आम्ही सहाही जणी एकदम सांगायला लागलो. नवीन बाई म्हणजे धाकट्याची पहिली बायको, ती मेली नव्हती, नुसती स्मृती गेली होती. शीलानं मधला विहिरीचा प्रसंग सांगितला, झाडे वहिनींनी तो खोडून काढला, कारण त्यांच्या मते ढकलणारी नणंद नव्हती. समोर चाललेला भाग कुणी धड पाहत नव्हतं. काकू हिच्याकडून तिच्याकडे मान वळवत होती, मधेच, अवो बाप्पा, म्हणत होती, आणि एकदा तिनं झाडे वहिनींच्या मांडीवर चापट मारून, माह्या डोक्यात तवाच आलतं, असं ठणकावून सांगितलं.

जाहिरात लागली, तेव्हा मी काकाजींना शोधलं. ते ठेल्यामागे स्टुलावर बसले होते. पस्तीस वर्षं भाजी विकताना बसले तसेच, टीव्हीच्या पाठीशी. त्यांना पडद्याचा कोपरासुद्धा दिसत नव्हता. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि इकडे समोर येऊन बसा म्हटलं.

"मले इथून बराबर दिसते," ते म्हणाले.

मी तिथेच उभी राहून त्यांच्या नजरेनं पाहिलं. टीव्हीच्या उजेडात बाकीच्या पाच जणींची डोकी एकमेकींकडे वळलेली होती आणि मधोमध काकू हसत होती. ते तिच्यावरून नजर काढत नव्हते. मला एकदम त्यांच्या वहीतल्या त्या दोन रेघा आठवल्या.

तरी मी विचारलंच, की नेट का नाही घेतलं, काकूला मागचे भाग पाहता आले असते.

"तुमच्या त्या नेटवाल्यात मालिका माणसाची वाट पाह्यते वो," काकाजी हळू आवाजात म्हणाले. "मंग माणूस काऊन येईन? इथं साडेसात म्हंजे साडेसात. आन मांगचं जे राह्यलं, थे सांगाले बाया लागतीन का नाई?"

ज्या दारात उभं राहायचा मला कंटाळा आला होता, त्या दारानं मला बोलवायला किती वळसा घेतला होता.

मालिका संपली. सासू वाचली होती. बाया उठल्या, पण जात कुणीच नव्हतं, विहिरीचा वाद अजून मिटायचा होता. काकाजी ठेल्यामागून उठले, टीव्हीवर ताडपत्री ओढू लागले आणि मग थांबले. माझ्याकडे न पाहता, वांग्याचा देठ उचलताना विचारावं तशा दबक्या, संशयी आवाजात त्यांनी विचारलं, "उद्या बी येतीन का वो ह्या?"

"येतीन, काकाजी," मी म्हटलं. "साडेसातले."